मुके केलेले प्राणी

युरोपांतील जुन्या अलंकारांविषयीं अलीकडे जें कांहीं लिहिलें-बोललें जातें, त्यांत एक शब्द वारंवार भेटतो. तो म्हणजे ‘गंमत’. लिलांवांच्या याद्या, प्रदर्शनांचीं माहितीपत्रकें, स्त्रियांचीं नियतकालिकें, लग्नसराईंतील जाहिराती यांपैकीं कोणतेंही पान उघडावें. जुन्या ब्रोचांवरील कोल्हे, घुबडें, बेडूक, फुलपांखरें, सरडे आणि सर्प यांची ओळख ‘गमतीदार’, ‘खट्याळ’, ‘लहरी’ अशा विशेषणांनींच करून दिलेली आढळते. पूर्वींच्या हौशी लोकांनीं मौजेखातर हे प्राणी घडविले, आपणही मौजेखातर ते अंगावर वागवावे, यापलीकडे त्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं, असा या लिखाणाचा एकंदर सूर असतो. आम्हांस हा सूर मान्य नाहीं. तो अपुरा आहे एवढेंच आमचें म्हणणें नाहीं. तो खोटा आहे, त्या खोटेपणाचा फायदा कोणाला तरी मिळतो आणि त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. दागिन्यांच्या सोसावर कोरडे ओढणारे लेख मराठींत शंभराहून अधिक वर्षें लिहिले जात आहेत, आणि त्यांचा परिणाम सराफांच्या दुकानांतील गर्दीवर झाल्याचें कोणाच्या पाहण्यांत नाहीं. त्या लेखांत आणखी एकाची भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. ज्याला दागिना आवडतो त्यानें तो खुशाल घालावा. आमचें भांडण दागिन्याशीं नसून त्याच्यावर चिकटविलेल्या चिठ्ठीशीं आहे.

प्रथम ब्रोच म्हणजे काय तें पाहूं. आज तो शोभेची वस्तु झाला आहे. मुळांत तो कामाचा होता. गुंडी आणि काज यांचा प्रसार होण्यापूर्वीं अंगावरचें जाड वस्त्र खांद्यावर धरून ठेवण्यास एक सुई, एक ताण देणारी कमान आणि सुईचें टोंक अडकविण्यास एक आंकडा एवढी सामग्री लागे. १८४९ सालीं अमेरिकेंत वॉल्टर हंट यानें जिचा हक्क नोंदविला, त्या आपल्या घरोघरच्या सेफ्टी पिनेचें तत्त्व रोमन लोकांस दीड-दोन हजार वर्षें आधींच ठाऊक होतें. या सुईवर जी दर्शनी पट्टी येई तिला कारागीर आकार देऊं लागले आणि तेथें पशुपक्षी येऊन बसले. सहाव्या शतकांतील व्हिसिगॉथ लोकांचे गरुडाकृति ब्रोच अमेरिकेंत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांत आहेत. ते जोडीनें दोन खांद्यांवर लावीत. काशावर सोन्याचा पत्रा आणि त्यांत बसविलेले लालबुंद खडे. हा गरुड त्या लोकांनीं रोमन सैन्याच्या निशाणावर पाहिलेला होता. साम्राज्याचें चिन्ह आपल्या खांद्यावर घेणें याला जर कोणी ‘लहर’ म्हणत असेल, तर राज्याभिषेकालाही पोषाखी समारंभ म्हणण्यास त्याला अडचण पडूं नये.

पुढें मध्ययुगांत तर या चिन्हांस उघड राजकीय भाषेचें स्वरूप आलें. १९६५ सालीं इंग्लंडांत डन्स्टेबल येथें एका जुन्या मठाच्या जागीं उत्खनन चाललें असतां एक राजहंस सांपडला. उंची तीन सेंटीमीटरांहून थोडी अधिक. सोन्याच्या अंगावर शुभ्र मीना. गळ्यांत इवलासा मुकुट आणि त्याला साखळी. इ. स. १४०० च्या सुमाराचा हा ब्रोच आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. पाहतांक्षणीं हातांत घेऊन खेळवावासा वाटेल असें तें पांखरूं आहे, यांत शंका नाहीं. परंतु राजहंस हें बोहन घराण्याचें चिन्ह होतें. त्या घराण्याची मुलगी पुढें चौथा हेन्री झालेल्या राजपुत्रास दिली आणि तिच्याबरोबर तें चिन्ह लँकेस्टर घराण्याकडे आलें. हा हंस ज्याच्या छातीवर, तो कोणाचा माणूस आहे हें रस्त्यांतील पोरालाही कळे. सरदारांनीं आपलीं चिन्हें वाटावीं, त्या चिन्हांच्या आश्रयानें अनुयायांनीं गांवांत दांडगाई करावी, न्यायाधीशानेंही चिन्ह पाहून नमतें घ्यावें, असे प्रकार इतके वाढले कीं इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें त्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि १३९० सालीं व पुढें चौथ्या हेन्रीच्या काळांत चिन्हें वाटण्यावर कायद्यानें निर्बंध घालावे लागले. १४८३ सालीं तिसऱ्या रिचर्डनें आपल्या मुलाच्या युवराजपदाच्या समारंभासाठीं पांढऱ्या रानडुकराचीं १३,००० कापडी चिन्हें मागविलीं होतीं. दोनच वर्षांनीं तो बॉस्वर्थच्या लढाईंत पडला. त्या रणभूमीच्या आपल्या काळांत झालेल्या शोधांत चांदीचें, सोन्याचा मुलामा दिलेलें एक लहानसें रानडुकर मातींतून निघालें. राजासाठीं मरावयास निघालेल्या कोणा असामीनें तें छातीवर लावलें असावें. आमच्या गंमतवाद्यांस आमचा एवढाच प्रश्न आहे : निव्वळ गमतीला भिऊन कोणत्या देशाच्या विधिमंडळानें कधीं कायदे केले आहेत काय?

कोणी म्हणतील, हीं मध्ययुगांतील उदाहरणें झालीं. बाजारांत ‘ॲन्टिक’ म्हणून जे ब्रोच येतात ते बहुतेक १९ व्या शतकांतले, आणि तें शतक तर हौसेचें होतें. ठीक आहे, त्या शतकाकडेच वळूं. १८४० च्या फेब्रुवारींत राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. तिच्या झग्याचा घोळ धरणाऱ्या बारा मुलींस तिनें एकेक ब्रोच भेट दिला. त्यांपैकीं एक ब्रिटिश म्यूझियममध्यें पाहावयास मिळतो. तो गरुडाचा आहे. सर्वांग पिरोजाच्या बारीक खड्यांनीं भरलेलें, डोळे माणकाचे, चोंच हिऱ्याची आणि नख्यांत मोतीं. हा गरुड नवरदेवाच्या कोबुर्ग घराण्याचा. निळा पिरोजा हा त्या काळच्या संकेतांत एकनिष्ठ प्रीतीचा. म्हणजे बारा इंग्रज सरदारकन्यांच्या छातीवर परदेशी घराण्याचा पक्षी प्रेमाच्या रंगांत रंगवून बसविला गेला. आल्बर्ट हा जर्मन. त्याच्याविषयीं इंग्लंडांत पुष्कळांच्या मनांत संशय आणि नापसंती होती. अशा वेळीं वीस वर्षांच्या राणीनें एक शब्द न बोलतां काय सांगितलें, हें तो ब्रोच वाचतां येणाऱ्यास कळतें. याच राणीच्या वाङ्निश्चयाची अंगठी सर्पाकृति होती. शेंपूट तोंडांत धरलेला सर्प हा त्या काळीं अनंत काळाचा द्योतक. म्हणून तो प्रेमाच्या दागिन्यांवर येई आणि मृताच्या केसांची बट आंत जपून ठेवलेल्या शोकाच्या ब्रोचांवरही येई. एखाद्या आईनें गेलेल्या लेंकराचे केस ज्याच्या वेटोळ्यांत ठेवले, तो सर्प आज दुकानाच्या कांचेआड ‘खट्याळ व्हिक्टोरियन नमुना’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेला पाहिला म्हणजे वाईट वाटतें. त्या आईनें जें सांगितलें तें पुसून टाकण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला?

येथवर आम्ही या प्राण्यांच्या बाजूनें बोललों, कीं ते बोलके होते आणि त्यांना मुके करण्यांत आलें. परंतु या प्रकरणाची दुसरी बाजू अधिक काळी आहे. ‘गंमत’ हा शब्द जसा अर्थ पुसतो, तसें रक्तही पुसतो.

१८६५ सालीं लंडनचा जवाहिऱ्या हॅरी इमॅन्युएल यानें एका युक्तीचा हक्क नोंदविला. युक्ति अशी कीं, हमिंगबर्ड नांवाच्या दक्षिण अमेरिकेंतील इवल्याशा पक्ष्यांचीं डोकीं, कातडीं आणि पिसें सोन्या-चांदीच्या कोंदणांत बसवावीं. वाचकांनीं चुकीचें समजूं नये. पक्ष्याच्या आकाराचें सोनें नव्हे, तर प्रत्यक्ष पक्ष्याचें डोकें. कानांत दोन डोकीं, गळ्यांत डोक्यांची माळ, छातीवर एक डोकें, असे अलंकार त्या काळच्या प्रतिष्ठित स्त्रियांनीं नाचाच्या समारंभांस घातले. त्या पक्ष्यांचीं कातडीं लंडनच्या लिलांवांत हजारोंनीं विकलीं जात. लेडी ग्रॅन्व्हिल यांच्यासाठीं १८८४-८५ सालीं फिलिप्स बंधूंच्या पेढीनें केलेला हार व शिरोभूषण ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यांतील हिरव्या तेजाचे भुंगेरे मीन्याचे नाहींत, खरेखुरे आहेत. आणि हें पाप केवळ तिकडचें असेंही आपण समजूं नये. आपल्याकडील वाघांचीं नखें सोन्यांत मढवून त्यांचे ब्रोच व हार हिंदुस्थानांतच घडविले गेले आणि गोऱ्या साहेबांच्या मडमांनीं ते शिकारीची आठवण म्हणून विलायतेस नेले. आपल्या मुलांच्या गळ्यांतही दृष्ट लागूं नये म्हणून वाघनख बांधण्याची चाल होतीच. तींत निदान भीति आणि प्रार्थना होती. साहेबाच्या ब्रोचांत फक्त विजयाचा डौल होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाच्या अवयवांचा व्यापार आपल्या देशांत बंद झाला आहे, आणि वस्तु जुनी आहे एवढ्यानें तिच्या विक्रीस मोकळीक मिळत नाहीं.

या क्रूरतेचें समर्थन त्या काळीं कोणत्या शब्दानें होत असे? बहुशः तें केलेंच जात नसे. त्याची गरज पडत नसे. जी वस्तु मौजेची ठरली तिच्याविषयीं जाब विचारणाराच अरसिक ठरतो. म्हणूनच ज्या स्त्रियांनीं तो जाब विचारला त्यांची धन्यता आम्हांस वाटते. १८८९ सालीं मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथें एमिली विल्यम्सन या बाईंनीं आपल्या घरीं मैत्रिणी जमवून पिसांच्या फॅशनीविरुद्ध एक मंडळ काढलें. खाण्यासाठीं न मारलेल्या पक्ष्याचें पीस आपण वापरणार नाहीं, शहामृगाचा तेवढा अपवाद, असा त्यांचा नियम होता. लोक हंसले असतील. १९०४ सालीं त्याच चळवळींतून वाढलेल्या संस्थेस राजाची सनद मिळाली, आणि १९२१ सालीं परदेशी पिसांच्या आयातीस बंदी करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें केला. बत्तीस वर्षें लागलीं. एक टोपी, एक कर्णफूल, एक ब्रोच यांवरची ‘गंमत’ खरवडून काढण्यास बत्तीस वर्षें लागतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

प्राण्याचें सौंदर्य छातीवर आणावयाचें तर प्राणी मारलाच पाहिजे, असें थोडेंच आहे? त्याच शतकाच्या शेवटीं पॅरिसच्या रने लालीक यानें त्याचें उत्तर दिलें. १८९७-९८ च्या सुमारास त्यानें घडविलेला चतुर आज लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयांत आहे. सोनें, मीना, चंद्रकांत, हिरे. पंख उघडले म्हणजे रुंदी जवळजवळ सत्तावीस सेंटीमीटर. त्या चतुराच्या जबड्यांतून एका स्त्रीचें शरीर बाहेर आलेलें आहे, कीं तो तिला गिळीत आहे, हें सांगणें कठीण. पुढें गरुडासारख्या नख्या पसरलेल्या. मीन्याच्या पंखांतून उजेड आरपार जातो, खऱ्या चतुराच्या पंखांतून जातो तसा. एकही कीटक न मारतां कीटकाचें एवढें मर्म क्वचितच कोणी दाखविलें असेल. आणि ही कलाकृति पाहून भय वाटतें, विस्मय वाटतो. हंसूं मात्र येत नाहीं. लालीकचें नांव घेऊन ‘लहरी दागिने’ विकणाऱ्यांनीं एकदां त्या चतुराच्या नख्या नीट पाहाव्या.

आतां विसाव्या शतकांतील दोन पक्षी शेजारी ठेवूं. आमच्या सर्व म्हणण्याचें सार त्यांत आहे. दोन्ही पॅरिसच्या कार्त्ये पेढीचे, दोन्ही तेथील कलाविभागाच्या प्रमुख जान तूसाँ यांच्या देखरेखीखालीं झालेले. पहिला १९४० सालचा फ्लेमिंगो. राज्यत्याग केलेल्या विंडसरच्या ड्यूकनें तो आपल्या पत्नीसाठीं करविला. हिऱ्यांचें अंग आणि शेपटीला माणिक, पाचू, नीलम. १९४० हें तें वर्ष, ज्याच्या जून महिन्यांत जर्मन सैन्य पॅरिसांत शिरलें. दुसरा पक्षी १९४२ सालचा. शहर शत्रूच्या ताब्यांत. सोनें, खडे, गिऱ्हाइकें सर्वांचीच टंचाई. अशा वेळीं पेढीनें पिंजऱ्यांत कोंडलेल्या पक्ष्याचा ब्रोच केला. १९४४ सालीं पॅरिस मुक्त झालें, तेव्हां तोच पक्षी पुन्हां घडविला. या खेपेस पिंजऱ्याचें दार उघडें, पंख पसरलेले, आणि अंगावर फ्रान्सच्या निशाणाचे तीन रंग.

फ्लेमिंगो अधिक किमतीचा आहे, कारागिरीनेंही कदाचित् अधिक थक्क करणारा आहे. १९४८ सालीं याच दांपत्यासाठीं ११६ कॅरटांहून मोठ्या पाचूवर बसलेला बिबळ्या आणि १९४९ सालीं १५२ कॅरटांहून मोठ्या नीलमावर बसलेला दुसरा बिबळ्या पेढीनें तयार केला. १९८७ सालीं जिनीव्हा येथें डचेसच्या दागिन्यांचा लिलांव झाला, त्यांत पांच कोटि डॉलरांच्या आसपास रक्कम जमली व ती पॅरिसच्या पाश्चर संस्थेस मिळाली; एवढें सत्कार्य त्या दागिन्यांच्या हातून झालें, हें मान्य केलें पाहिजे. पण प्रश्न असा आहे कीं, फ्लेमिंगो काय म्हणतो? आमच्या समजुतीप्रमाणें तो एवढेंच म्हणतो कीं, माझी मालकीण श्रीमंत आहे आणि आम्हां उभयतांस जगांत काय चाललें आहे याची चिंता नाहीं. पिंजऱ्यांतला पक्षी काय म्हणतो, हें १९४२ च्या पॅरिसांत कोणालाही समजावून सांगावें लागलें नसेल. असें असून आजच्या पुस्तकांत व प्रदर्शनांत हे दोन्ही पक्षी बहुधा एकाच प्रकरणांत, ‘कार्त्येची गमतीदार प्राणिसृष्टि’ अशा थाटाच्या मथळ्याखालीं शेजारी बसविलेले असतात. निर्भयपणा आणि बेफिकिरी यांस एका पारड्यांत घालणारी ही तागडी न्यायाची नव्हे. ती दुकानदाराची आहे.

निखळ गमतीचे दागिने कधीं झालेच नाहींत, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ते झाले, आणि त्यांचा काळही सांगतां येतो. १९५४ सालीं पॅरिसच्याच व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स पेढीनें ‘ला बुटीक’ या नांवानें कमी किमतीच्या, रोजच्या वापराच्या दागिन्यांचें निराळें दुकान उघडलें. तेथल्या क्लिपांत डोळा मिचकावणारें एक मांजर प्रसिद्ध आहे. युद्धांतून बाहेर पडलेल्या, थोडा पैसा हातांत खेळूं लागलेल्या माणसांना हंसावयास हवें होतें, आणि त्या मांजरानें त्यांना हंसविलें. हें चांगलेंच झालें. त्या मांजराला आम्ही गमतीचें म्हणूं आणि आनंदानें म्हणूं. आमची तक्रार अशी आहे कीं, १९५४ च्या या मांजराचा डोळा पाचशें वर्षें मागें नेऊन डन्स्टेबलच्या राजहंसाला लावूं नये, शोकाच्या सर्पाला लावूं नये, आणि हमिंगबर्डाच्या मेलेल्या डोक्याला तर मुळींच लावूं नये.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा : जुने अर्थ मेले, बोहन घराणें गेलें, रिचर्ड गेला, आज तो हंस केवळ हंस आहे, मग घालणाऱ्यानें त्याला हवा तो अर्थ कां देऊं नये? उत्तर असें कीं, अवश्य द्यावा. पण अर्थ देणें निराळें आणि अर्थच नाहीं म्हणणें निराळें. ज्यांनीं जुन्या ब्रोचांना खरोखर नवा अर्थ दिला त्यांचीं उदाहरणें आमच्या बाजूचीं आहेत. मॅडलीन ऑलब्राइट या १९९४ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत अमेरिकेच्या प्रतिनिधि होत्या. इराकच्या सरकारी वृत्तपत्रांनीं त्यांस सर्पाची उपमा दिली, तेव्हां इराकविषयींच्या पुढच्या भेटीगांठीस त्या आपल्याजवळचा सोन्याचा सर्प लावून गेल्या. पुढें त्या परराष्ट्रमंत्री असतां, १९९९ सालीं त्यांच्या खात्याच्या इमारतींत रशियाचें चोरून ऐकण्याचें यंत्र सांपडलें. रशियाच्या मुत्सद्द्यांस भेटतांना त्यांनीं मोठा थोरला किडा छातीवर मिरविला. या ब्रोचांवर त्यांनीं २००९ सालीं एक सबंध पुस्तकच लिहिलें. त्यांच्या राजकारणाविषयीं मतभेद पुष्कळ असतील, आमचेही आहेत. परंतु ब्रोचाला वाचा असते हें त्यांनीं ओळखलें होतें.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे : अर्थ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, घालणाऱ्याच्या मनांत कांहींच नसलें तर? या आक्षेपाचें उदाहरणही हाताशीं आहे. २४ सप्टेंबर २०१९ रोजीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षा लेडी हेल यांनीं पार्लमेंटचें अधिवेशन तहकूब करण्याचा पंतप्रधानांचा सल्ला बेकायदा ठरविणारा, अकराही न्यायाधीशांनीं एकमतानें दिलेला निकाल वाचून दाखविला. त्यांच्या काळ्या झग्यावर एक चमकता कोळी होता. सायंकाळपर्यंत निम्मा देश त्या कोळ्याचा अर्थ लावूं लागला आणि त्याचें चित्र छापलेले सदरे धर्मादायासाठीं विकले गेले. आपल्या मनांत कांहीं हेतु नव्हता, असें त्या म्हणाल्या, आणि त्यांचा शब्द आम्ही मानतों. पण यावरून काय सिद्ध होतें? चारचौघांत छातीवर लावलेला प्राणी बोलल्यावांचून राहत नाहीं. मालकाला बोलावयाचें नसलें तर तो पाहणाऱ्यांच्या तोंडून बोलतो. मग जें बोलणें टळत नाहीं, तें समजून-उमजून बोलणें हेंच शहाण्याचें लक्षण नव्हे काय?

तिसरा आक्षेप सर्वांत सौम्य व म्हणून सर्वांत कठीण आहे. लोक म्हणतील, प्राध्यापकमहाशय, आयुष्यांत एवढें गांभीर्य आहे. एखादा बेडूक तरी आम्हांस विनाकारण लावूं द्या! खुशाल लावा. परंतु विनाकारण आनंद आणि अज्ञानांतला आनंद यांत भेद आहे. आपल्या पायाच्या बोटांत मासोळ्या घालणाऱ्या आजीला त्या घालतांना आनंद होतच असे. मासोळी ही माशाच्या आकाराची आहे, हें तिला ठाऊक होतें. ती सौभाग्याची आहे आणि कोणत्या दिवशीं ती पायांतून उतरवावी लागते, हेंही ठाऊक होतें. ती चाल चांगली कीं वाईट हा प्रश्न निराळा. आम्हांस तर तिच्यांतील सक्ति मुळींच पसंत नाहीं. तरी पण पायांतल्या चांदीच्या माशाला ‘गमतीदार’ म्हणण्याइतकी आजी अडाणी नव्हती. तो अडाणीपणा शिकून आलेल्या तिच्या नातवंडांनीं कमावला आहे.

कारण ही फॅशन आतां आपल्या दारांत आहे. ब्रोच आपल्याला नवा नाहीं. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनीं १८६४ नंतर मुंबईच्या मुक्कामांत पारशी स्त्रियांची पद्धत पाहून साडी नेसण्याची जी नवी रीत बंगाल्यांत नेली, तींत खांद्यावर ब्रोच होता. आपल्याकडील सुशिक्षित घरांतल्या जुन्या छायाचित्रांतही पदरावर तो दिसतो. तेथें त्याला काम होतें : पदर सांवरलेला राहावा आणि बाईचे हात मोकळे राहावे, शाळेंत जावयास, सभेंत बोलावयास. आज तो नवरदेवाच्या बंदगळ्यावर चढला आहे. शिंगें पसरलेलें सांबराचें मुंडकें, आयाळीचा सिंह, दोन साखळ्यांनीं जोडलेला घोडा, असे ब्रोच पुण्या-मुंबईच्या लग्नांत सर्रास दिसतात. हें कोणाच्या घराण्याचें चिन्ह, असें विचारलें तर उत्तर एकच : ‘सहज, गंमत म्हणून.’ कोणा परकी शिकारी उमरावाच्या भिंतीवरचें मुंडकें आपल्या छातीवर कसें आलें, हें त्या बिचाऱ्या मुलाला कोणीं सांगितलेलें नसतें. फसविणारा एक आणि फसणारा दुसरा, एवढ्यावर हें थांबतें तरी बरें होतें. पण याच बेफिकिरीवर जुन्याच्या नांवानें नवे ब्रोच विकण्याचा धंदाही पोसला जातो.

म्हणून आमचें सांगणें असें आहे. ज्याला जुना प्राण्याचा ब्रोच घ्यावयाचा असेल त्यानें विकणाऱ्यास तीन प्रश्न विचारावे : हा केव्हांचा? हा कशाचा? आणि हा कोणासाठीं, काय सांगण्यासाठीं केला होता? पहिल्याचें उत्तर पुष्कळदां ब्रोचाच्या पाठीवर असतें. १९ व्या शतकांतील ब्रोचाची सुई सामान्यतः साध्या अर्धवर्तुळाकार आंकड्यांत नुसती अडकविलेली असते. फिरवून बंद करावयाचा, सुई निसटूं न देणारा आंकडा विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ झाला. असा आंकडा असलेला ब्रोच ‘व्हिक्टोरियन’ म्हणून पुढें आला तर एक तर आंकडा मागाहून बसविलेला, नाहीं तर विक्रेत्याचें बोलणें मागाहून बसविलेलें! दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नख, पीस, पंख किंवा कवच असें आलें, तर ब्रोच तेथेंच ठेवून बाहेर पडावें. कायदा काय म्हणतो तें मग पाहावें. तिसऱ्याचें उत्तर विक्रेत्याला देतां आलें नाहीं तर त्याचा फार राग मानूं नये. पण मग ‘गंमत’ या शब्दाची किंमतही त्याला देऊं नये.

संग्रहालयांच्या चालकांकडून मात्र आमची अपेक्षा अधिक आहे. दुकानदारानें विकावें हा त्याचा धर्म. परंतु ज्यांच्या हातीं लोकांनीं वस्तु विश्वासानें सोंपविल्या, त्यांनीं कांचेखालच्या चिठ्ठीवर प्रेक्षकांना हंसविण्याचें काम पत्करूं नये. राजहंसाखालीं त्याच्या घराण्याचें नांव लिहावें, सर्पाखालीं शोक लिहावा, हमिंगबर्डाखालीं ‘हें खरें डोकें आहे’ असें लिहावें. एवढें लिहिल्यानें ते दागिने कमी सुंदर दिसतील, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि कांहीं तसे दिसूं लागले, तर ते तसेच दिसावयास हवे होते.